सांदीतला जनरेटर

१

बोरगाव मेघेच्या त्या ओळीत कोणाच्या घरी काय चाललं आहे, हे नलूबाई अंथरुणावर पडल्या पडल्या सांगायची. शाळा सातवीतच सुटली, पण कानांचं शिक्षण पुढं चालू राहिलं. कुकरच्या शिट्ट्यांवरून घरात किती माणसं जेवायला आहेत, पायताणाच्या आवाजावरून जावई खुशीत आला की रुसून, मोरीत तांब्या कसा आपटला त्यावरून सासू-सुनेचं कालचं मिटलं की नाही, सगळं तिला कळायचं. आणि कळलं की ती जायची. हातात वाटीभर कढी नाहीतर दोन कैऱ्या घेऊन. चौकशा करायची खरी, पण अडल्या वेळी पहिली पोचायचीही तीच. म्हणून लोक तिला नावं ठेवत आणि बोलावतही.

नवरा अण्णाजी पुलगावच्या कापडगिरणीत तीस वर्षं साच्यांपाशी, त्या खडखडणाऱ्या यंत्रांपाशी, काढून घरी बसला होता. साच्यांनी त्याचे कान खाऊन टाकले होते. जवळ जाऊन मोठ्यानं बोललं की म्हणायचा, "एवढी काऊन ओरडून राह्यली? मी का बयरा हाओ?"

दोन हजार सहाचा मे महिना होता. पारा सेहेचाळीसच्या वर आणि रोज दुपारी दोन ते पाच लोडशेडिंग. दोन वाजले की सगळ्या ओळीतले कूलर एकदम घरघरत थांबायचे. मग अशी शांतता पडायची की शेजारी कोणी कूस बदलली तरी नलूबाईला कळावं.

शेजारी म्हणजे ओमप्रकाश. वर्ध्याला हार्डवेअरचं दुकान. दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला यायचा आणि पाचपर्यंत झोपायचा. घरात तीनच माणसं: तो, त्याची आई जिजाबाई आणि बायको मोहिनी. मोहिनीला नऊ वर्षांनी दिवस गेले होते. सातवा लागला होता. ही बातमी ओळीत सगळ्यांत आधी नलूबाईला कळली होती, खुद्द मोहिनीच्याही आधी, असं ती छातीठोक सांगायची. ओटीभरणाची हिरवी साडी तिनं स्वतःच्या पैशानं आणून ठेवली होती.

त्या वर्षी ओमप्रकाशनं जनरेटर आणला. दोन हातांनी उचलता येईल एवढा, लाल टाकीचा, दोरी ओढून सुरू होणारा. आदल्या उन्हाळ्यात जिजाबाईला लू लागून दवाखाना झाला होता आणि आता घरात पोटुशी बाई. कूलर एक मिनिट बंद पडता कामा नये, असं त्यानं ठरवलंच होतं. विकणाऱ्यानं त्याला बजावलं होतं की हे घरात चालवायचं नाही, धूर होतो. म्हणून त्यानं तो समोरच्या उघड्या ओट्यावर ठेवला. दोनला सुरू झाला की अशी धडधड, की नलूबाईला स्वतःच्या घरातला मांजराचा आवाज ऐकू येईना.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

"ओमप्रकाश, थे मशीन तिकडं सांदीत ठेव ना बाप्पा. इथं ऊन हाये. पेट्रोलची टाकी तापून राह्यली. भडकली म्हंजे?"

"काय व नलू," जिजाबाई आतून म्हणाली, "तुले आवाजाचा तरास हाये, का आमचं काई ऐकू येत नाई त्याचा?"

"दोन्हीचा," नलूबाई म्हणाली. मोहिनी पोट धरून हसली.

पण टाकी तापत होती ही गोष्ट खरीच होती. दोन घरांच्या मधल्या चिंचोळ्या सांदीत दिवसभर सावली असायची. ओमप्रकाशच्या मधल्या खोलीचा कूलर तिथंच, खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवलेला. त्याच्या पोटाखाली जनरेटर अगदी मापानं बसला. घरात नाही, उन्हात नाही, रस्त्यावरच्या कोणाच्या नजरेत नाही.

"काकू, तुमचं डोकं दुकानात बसवाले पायजे," ओमप्रकाश म्हणाला.

२

जनरेटर सांदीत गेल्यावर चौथ्या दुपारी नलूबाईला तो दुसरा आवाज ऐकू आला.

जनरेटरचा आवाज आता भिंतीपलीकडून, बारीक झाला होता. त्याच्या खाली काहीतरी होतं. धप्. मग थोडं थांबून, धप्. आधी तिला वाटलं, जिजाबाई गाद्या झोडपते आहे. पण असल्या उन्हात गाद्या कोण काढतं? आणि गादीचा आवाज कोरडा असतो. हा कोरडा नव्हता. कातडीवर कातडी बसल्याचा होता.

धप्. धप्. मग काहीतरी फरफटलं. मग पुन्हा धप्.

ओरडणं नाही. रडणं नाही. ज्याला मार बसत होता तो तोंडातून शब्द काढत नव्हता.

तिनं अण्णाजीला हलवलं आणि त्याचा तळवा भिंतीला लावला. तो डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिला. गिरणीत तो असाच हातानं साचा ओळखायचा.

"मशीन हाये," तो म्हणाला. "भिंत हालून राह्यली. झोप आता."

पाचला लाइन आली. नलूबाई पन्ह्याचा गडू घेऊन निघाली. दार उघडायला बराच वेळ लागला. उंबऱ्याशी आतून ओला टॉवेल कोंबलेला होता, खिडक्यांना ओली चादर. लू आत येऊ नये म्हणून सगळेच करायचे तसं. मोहिनी दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, आणि डाव्या गालावर पाच बोटं उठलेली.

"कोनं मारलं?"

"कोनी नाई काकू. झोपेत लागलं असंन."

"झोपेत? उशीले बोटं असते का व?"

मोहिनीनं गालाला हात लावला. तिला तो गाल आत्ताच कळल्यासारखा दिसला. "डोकं लय दुखून राह्यलं काकू. रोज दुपारून उठली का दुखते. उलटीबी होते."

"सातव्यात उलटी?"

"ऊन हाये ना," मोहिनी म्हणाली. तिचा हात पोटावर गेला होता आणि तिथंच राहिला. आत ओमप्रकाश चहासाठी ओरडत होता, नेहमीच्या आवाजात. नलूबाईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं ओरडणं थांबवलं.

घरी येऊन ती अण्णाजीच्या कानात ओरडली, "पोटुशा बाईवर हात टाकते थो!"

"तू पाह्यलं?"

तिनं पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं. पण तीस वर्षांत तिचं ऐकलेलं कधी खोटं निघालं नव्हतं.

३

दोन दिवसांनी जिजाबाईचा खालचा ओठ फाटला. कानामागचे केस मुठीनं उपटल्यासारखे गेले होते, तिथं कातडी लाल. "न्हाणीत पडली," म्हणाली, आणि नलूबाईच्या हातातली कढी न घेताच आत गेली. जिजाबाई कढीला नाही म्हणाली, ते पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी नलूबाईनं सकाळीच ऑटो केला आणि दुकान गाठलं. गिऱ्हाईक जाईपर्यंत खिळ्यांच्या पिंपाजवळ उभी राहिली. मग म्हणाली, "ओमप्रकाश, तुह्या लग्नात तुले हयद मी लावली. आता खरं सांग. बायकोले मारतं, आईले मारतं. काऊन?"

ओमप्रकाशनं शटर अर्धं खाली ओढलं. मग पाठ फिरवून शर्ट वर केला.

नलूबाईनं तोंडावर पदर धरला. पाठीवर हाताएवढे वळ, काही निळे, काही पिवळे पडत चाललेले. एका ठिकाणी कातडी फुटून बनियनला चिकटली होती.

"मीच तुमाले विचारनार होतो," तो म्हणाला. "तुमाले सगळं माईत राह्यते. आमाले कोन मारून राह्यलं काकू?"

"म्हंजे?"

"दाराले आतून कडी. घरात तिघं. मले वाटलं, मोहिनीच झोपेत उठून करते. बाईच्या जातीले गर्भारपनात काईबी होते म्हनते." तो खाली बघत होता. "परवा मी तिचे हात ओढणीनं बांधले नि झोपलो. जागा झालो तर ओढणी तशीच होती. गाठसुद्धा ढिली नाई. अन् हा..."

त्यानं गल्ल्यातून कागदाची पुडी काढली. चार खिळे बांधून द्यावेत तशी बांधलेली. आत त्याचा दात होता, मुळासकट.

"दात पडला तरी जाग नाई आली?"

"थेच तर! लय खोल झोप लागते. जाग येते तवा असं वाटते का विहिरीच्या तळातून कोनी वढून राह्यलं. एक बसली का थोडासा वर. दुसरी बसली का अजून थोडासा." त्यानं पुडी पुन्हा बांधली. "आईले माह्यावर शक हाये. मोहिनीले आईवर. आमी आता एकमेकाले पाठ देऊन झोपत नाई."

"मंग दुपारून झोपताच काऊन?"

"झोपाचं नाई असं रोज ठरवतो काकू."

परत येताना ऑटोत नलूबाईनं हिशोब मांडला. मारणारा माणूस असंच बोलतो. स्वतःच्या पाठीवर वळ उठवायला काय, भिंतीवर आपटली तरी उठतात. दात किडका असेल. असं सगळं जुळवलं तरी ती गाठ सुटेना. माणूस एवढा मार खातो आणि ओरडत नाही, हे कसं?

४

त्या दुपारी तिनं ठरवलं, आज डोळ्यानं बघायचं.

अडीच वाजता ती सांदीत शिरली. उन्हातून सावलीत आली तरी गार वाटेना. जनरेटर पायाशी थडथडत होता आणि त्याच्या नळकांड्यातून निघणारी उष्ण हवा नडगीला लागत होती. वर कूलर ती सगळी हवा तीन बाजूंनी ओढून घेत होता. गवतातून पाणी टपकत होतं. कूलरची बाजूची ताटी कशी काढायची हे तिला ठाऊक होतं; दरवर्षी मोहिनीला गवत बदलून द्यायला तीच येई. तिनं खटके दाबून ताटी काढली, खाली ठेवली आणि कूलरच्या आत डोकं घातलं.

पात्यांच्या पलीकडे खोली होती. पाती फिरत होती, त्यामुळे खोली दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. खाली गाद्या टाकलेल्या. भिंतीकडे जिजाबाई, मधे मोहिनी, दाराशी ओमप्रकाश. तिघं उताणी. तोंडं उघडी. तिघांचेही गाल छान गुलाबी, लहान पोरांचे असतात तसे. किती सुखात झोपलीत, नलूबाईच्या मनात आलं.

मग मोहिनीचं डोकं उशीवरून एका बाजूला फेकलं गेलं.

धप्.

तिथं कोणी नव्हतं. गालावर पांढरी बोटं उठली आणि पांढऱ्याची लाल झाली. डोकं सावकाश मधे आलं. पुन्हा धप्, दुसऱ्या बाजूनं. मग तिचे केस आपोआप गोळा झाले, मुठीत धरल्यासारखे ताणले गेले, आणि त्यांच्यामागे मान, मानेमागे खांदे उशीवरून उठले. तसंच काही वेळ धरून ठेवलं. सोडलं. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज नलूबाईच्या दातांत गेला.

मोहिनी झोपलेलीच होती.

मग ओमप्रकाश. बरगडीत बसली, तो कमरेत वाकला आणि पुन्हा सरळ झाला. जिजाबाईच्या तोंडावर उलट्या हाताची, कालचा ओठ पुन्हा फुटला, रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसरीकडे, पुन्हा मोहिनी. मारणाऱ्याला घाई झालेली दिसत होती. मोहिनीला सगळ्यांत जास्त.

नलूबाईचं डोकं ठणकत होतं. पाती एकदम जवळ आल्यासारखी वाटली. तरी तिच्या तोंडातून आवाज निघाला, ओळीतल्या तीन घरांना ऐकू जाईल एवढा.

"पुरे! हात झडो तुहे! पोटुशी हाये थे! आता एक जरी लावली तिले तर पाह्य!"

मोहिनीचे केस हवेत ताणलेले होते. तसेच राहिले. मग हळूच, फार हळू, तिचं डोकं उशीवर ठेवलं गेलं.

खोलीत काही हललं नाही. कोणीतरी ऐकून घेतलं होतं.

जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. टाकीतलं पेट्रोल संपलं होतं. नलूबाई सांदीतच ओकली. अण्णाजीनं तिला बखोट धरून घरी आणलं आणि डोक्यावर ओला पंचा टाकला.

"ऊन लागलं तुले," तो म्हणाला. "म्हनून काईबी दिसते."

तेही तिला खरं वाटलं असतं. पण पाचनंतर ओमप्रकाश दारात आला. चेहरा धुतलेला, हसरा.

"काकू, आज शेवटी शेवटी कोनी मारलंच नाई! असं वाटे का झोपूनच राहावं."

५

दुसऱ्या दुपारी दोन वाजता दोरी ओढल्याचा आवाज आला. जनरेटर लागला. नलूबाई भिंतीला कान लावून बसली.

अडीच. तीन. नुसता जनरेटर. बाकी अगदी गप्प.

आपण रागावलो आणि ते थांबलं, हे तिनं मोहिनीलाही काल सांगून टाकलं होतं. जे काय होतं ते माणसाच्या बोलण्याला मान देणारं होतं. तिनं देवापुढं दिवा लावला, ओटीभरणाची साडी कपाटातून काढून उगाच पाहिली आणि अण्णाजीला म्हणाली, "आता पोरगी सुखानं झोपंन." अण्णाजीला ऐकू गेलं नाही.

साडेतीनला दारात एम-एटी दुचाकी थांबली. आंजी मोठी गावचा कैलास, मोटारपंप आणि जनरेटर दुरुस्त करणारा, चाळिशीचा माणूस, तेलकट पँट.

"काकू, ओमप्रकाशजी घरी नाई का? तीन वाजता ये म्हनले होते, ऑइल बदलाले. दार वाजवून हात दुखले."

"झोपले असंन. झोपू दे त्यायले, लय दिवसानं झोपले. मशीन सांदीत हाये, तू तुहं काम करून घे."

ती त्याच्याबरोबर सांदीपर्यंत गेली. कैलास तोंडाशीच थांबला. खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि त्याच्या हातातला पाना खाली आला.

"हे इथं कोनं ठेवलं?"

"मी," नलूबाई म्हणाली. "म्हंजे मीच सांगतलं. सावली हाये म्हनून. बाहेर तर हाये!"

"अवो काकू, कूलर काय करते? बाहेरची हवा वढते नि घरात फेकते. अन् याचं तोंड पाहा कुठं हाये!" तो धावत जाऊन स्विच बंद करत होता आणि बोलत होता. "याच्या धुरात एक वायू राह्यते. वास नाई, रंग नाई. कूलर त्याले थंड करून आत देते. माणसाले मस्त झोप लागते. गाल गुलाबी होते. पाहणारा म्हनते, काय सुखानं झोपला. नि थो उठत नाई!"

जनरेटर बंद पडला.

"डोकं दुखे का त्यायचं? उलट्या?"

"रोज."

"मंग इतके दिवस उठले कसे?" कैलास मागच्या दाराकडे पळाला. "चाला! बाहेर काढा नि मारा. थोबाडात मारा, केस वढा, काईबी करा, पन झोपू देऊ नोका!"

नलूबाई त्याच्यामागं धावली. दीड तास. दोन वाजल्यापासून ती भिंतीला कान लावून त्या गप्पपणावर खूश होत होती.

६

मागच्या दाराची कडी कैलासनं पान्यानं तोडली. तोंडाला ओला रुमाल बांधून तो आत शिरला आणि ओमप्रकाशला दोन्ही पायांनी ओढत अंगणात आणलं. नलूबाईनं मोहिनीच्या काखेत हात घातले. मोहिनीचं वजन मेलेल्या म्हशीसारखं होतं. उंबऱ्यावर तिची टाच सोलली, अंगणातल्या फरशीवर पाठ घासली. नलूबाई ओढतच राहिली, लिंबाच्या झाडाखाली येईपर्यंत.

मग तिनं मारलं.

आयुष्यात तिनं स्वतःच्या लेकरांवर हात उचलला नव्हता. तिनं उजव्या हातानं मोहिनीच्या गालावर मारली, मग डाव्या. बांगड्या फुटल्या, काचा मोहिनीच्या गालात गेल्या, रक्त आलं. तिनं केस धरून डोकं उचललं आणि कानात ओरडली. चिमटे काढले, नखं रोवली. "ऊठ व! ऊठ मेले! ऊठ!" गुलाबी गाल हसल्यासारखे तसेच. श्वास एखादा यायचा, मग कितीतरी वेळ येत नसे.

तिकडे कैलास ओमप्रकाशच्या छातीवर मुठी आपटत होता. जिजाबाई अजून आत होती. कैलास उठला, दारापर्यंत गेला आणि चक्कर येऊन उंबऱ्यावरच गुडघ्यांवर बसला.

नलूबाईचा हात उचलेना. खांदा गेला होता. ती मोहिनीला मांडीवर घेऊन उघड्या दाराकडे बघत होती. आत खोली, ओली चादर, गाद्या.

"मी चुकली," ती म्हणाली. मग ओरडली. "अरे, मी चुकली! मले काई समजलं नाई! मी बंद कर म्हनली, आता मीच म्हनतो, मार! मार बापा! जीव जाईस्तोवर मार, पन उठव त्यायले!"

कैलास तिच्याकडे वळून बघत राहिला.

काही झालं नाही. लिंबावरचा कावळासुद्धा ओरडला नाही.

मग आतून, धप्.

दुसरी. तिसरी. मग घासण्याचा आवाज, फरशीवरून पायांच्या टाचा. दारात जिजाबाईचं डोकं आलं, केस वर ताणलेले, चेहरा ताणानं तिरपा झालेला, अंग मागून फरफटत. कैलास सरपटत बाजूला झाला. जिजाबाई त्याच्या अंगावरून उंबरा ओलांडून अंगणात आली. केसांचा एक झुपका कातडीसकट सुटून हवेतून खाली पडला. तिनं डोळे उघडले आणि अशी किंचाळली की ओळीतली दारं उघडली.

ओमप्रकाशच्या तोंडावर एक बसली, नाक मोडल्याचा आवाज आला, आणि तो रक्त ओकत कुशीवर वळला.

नलूबाईच्या मांडीवर मोहिनीचं डोकं एका बाजूला फेकलं गेलं. नलूबाईचे दोन्ही हात खाली होते. पुन्हा. पुन्हा. त्या मारण्याचा वारा तिच्या हनुवटीला लागत होता. चौथ्या फटक्याला मोहिनीनं मोठा श्वास घेतला, खोकली, पापण्या फडफडल्या.

"काकू," ती पुटपुटली, "मले काऊन मारून राह्यल्या?"

७

कैलास गाडी आणायला गेला. जाताना तो एम-एटी तिथंच विसरला, पळतच गेला. माणसं जमली. कोणी पाणी आणलं, कोणी पंखा हलवू लागलं. अण्णाजी ओमप्रकाशच्या नाकाला पंचा लावून बसला. जिजाबाई भिंतीला टेकून सुनेकडे बघत होती. तिघंही श्वास घेत होती. नलूबाई रडत होती, हसत होती, आणि मोहिनीच्या गालातली काच नखानं काढत होती.

मोहिनीचा हात पोटावर फिरत होता. एका जागी थांबायचा, दाबायचा, दुसरीकडे जायचा.

"काकू."

"काय व पोरी?"

"थे हालून नाई राह्यलं."

"झोपलं असंन," नलूबाई बोलून गेली, आणि तोंडातून गेलेला शब्द तिलाच लागला.

तिनं वाकून मोहिनीचा पदर सारला आणि उघड्या पोटावर कान ठेवला. श्वास धरला. बायांना हातानं गप्प केलं. कातडी ऊन होती, ताणलेली. आत पाण्याचा आवाज होता, आणि मोहिनीची स्वतःची धडधड, लांबून. अजून कान दाबला. आणखी काही नव्हतं. जिथं काहीतरी असायला हवं होतं तिथं दुपारच्यासारखं गप्प होतं.

"हालते का?" जिजाबाईनं रक्ताळल्या तोंडानं विचारलं. "नलू, सांग ना. हालते का?"

नलूबाईनं मान उचलली नाही. ओठ त्या कातडीला लागतील एवढी वळली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "इथंबी मार."

तिनं गाल पुन्हा पोटावर टेकवला.

मग तिच्या गालाखाली, आतून, धप्.

मोहिनी कमानीसारखी वाकली. पुन्हा धप्. नलूबाईनं डोकं वर घेतलं आणि तिला दिसलं. पोटाची कातडी एका जागी आतून वर आली होती. पाच बोटं, पसरलेली, मोठ्या माणसाच्या हाताची. ती विरली. मग दुसऱ्या बाजूनं उठली.

"काकू! थांबवा! काकू, तुमचं ऐकते थे, पुरे म्हना त्याले!" मोहिनी टाचा घासत होती. "पुरे म्हना ना!"

शब्द नलूबाईच्या दातांपर्यंत आला होता. तिनं तो तिथंच धरला. मोहिनीची दोन्ही मनगटं पकडली, जमिनीवर दाबली आणि सगळं अंग टाकून तिला धरून ठेवलं. खाली फटके चालूच होते.

"नाई पोरी," ती म्हणाली. "अजून उठलं नाई."